यंत्राच्या मातीचा रुपया

आमच्या दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला एक संगमरवरी पाटी दिसते. कोबाल्ट यंत्रासाठी देणगी देणाऱ्या एकोणचाळीस जणांची नावं तिच्यावर कोरली आहेत. त्यातले निम्मे उद्घाटनाच्या फोटोला उभे राहिले आणि पुन्हा कधी फिरकले नाहीत. दोघांनी तर देणगी नुसती जाहीर केली, दिलीच नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण पावत्या मी फाडत होते. त्या पाटीवर मडिवाळप्पा निटुरे हे नाव नाही. मी रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी लातूरच्या त्या रस्त्यानं जाताना मला त्या पाटीचा राग येतो.

मडिवाळप्पा आमचे हिशेबनीस. कागदोपत्री हेड अकाउंटंट, पण तसं कुणी म्हटलं की ते तोंड वाकडं करायचे. "मी मुनीम हाय. अकाउंटंट पँट घालतो," म्हणायचे. धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि सदऱ्याच्या आत गळ्यातलं लिंग. गंजगोलाईतल्या एका आडत दुकानात पंचवीस वर्षं वह्या लिहून ते दवाखान्यात आले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. ओरडणाऱ्या माणसाला उलटून बोलता येतं. हा माणूस नुसता चष्म्यावरून बघायचा आणि वही माझ्याकडे सरकवायचा.

मी चौऱ्याऐंशी साली लागले. निलंग्याकडच्या खेड्यातली, बी.कॉम. झालेली, ऑफिसातली पहिलीच बाई. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. बेरीज वरून खाली करायची, मग खालून वर करायची, आणि दोन्ही जुळल्या तरी तिसऱ्यांदा करायची. "दोनदा चुकलेलं बी जुळतं, माय," म्हणायचे.

एकदा रोजकीर्दीत पंचवीस पैशांचा फरक आला. त्याच दिवशी मला बघायला औशाहून पाहुणे येणार होते. मी आप्पांना सांगितलं, रडकुंडीला आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "पाव्हणे च्या पितील तवर. पंचवीस पैसे च्या पीत न्हाईत." फरक सापडला, पण मी घरी पोचले तेव्हा पाहुणे उठून गेले होते. ते स्थळ मोडलं. पुढे मला चांगला नवरा मिळाला हे खरं, पण तो पंचवीस पैशांचा राग मी मनात बरीच वर्षं जपून ठेवला. तो पुढे कुठे निघाला ते सांगतेच.

तो काळच वेगळा होता. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला आणि साऱ्या गावाला नवा संसार थाटल्यासारखं झालं. वाटणी झालेला भाऊ जसा भावाच्या घरातली एकेक वस्तू आठवून बाजारात जातो, तशी आमची गत होती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या, कुणाच्या माजघरात तर कुणाच्या गोठ्यात. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून लोक खुशीत होते. आता आपल्याकडे हे पाहिजे, ते पाहिजे, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष किशनराव हे मोठे बागाईतदार, बोलायला मोकळे आणि हट्टी. त्यांची बहीण सोलापूरला कॅन्सरचा शेक घ्यायला एसटीनं जाता-येताच खचली आणि गेली. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. किशनरावांनी तिच्या दहाव्याला शपथ घेतली की नव्या जिल्ह्यात शेकाचं यंत्र आणीन. आणि त्यांनी आणलं, हे मी त्यांच्या पदरात घालते.

यंत्र आलं त्या दिवशी मुंबईहून एक तरुण इंजिनियर आले होते. भल्या मोठ्या लोखंडी डोक्यात अंगठ्याएवढी एक कुपी, आणि सगळी करामत त्या कुपीची. त्यांनी समजावून सांगितलं की तिची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, पुढच्या सव्वापाच वर्षांत त्याच्याही निम्मी. बारा-तेरा वर्षांनी ती रोग्याच्या कामाची राहणार नाही. पण उघड्यावर पडली तर धडधाकट माणसाला इजा करायला तेव्हाही पुरेशी असेल. म्हणून तिला शिशाच्या जाड पिंपात घालून परत मुंबईला पाठवायची, कायद्यानं. खर्च दवाखान्याचा.

तेव्हा सगळे नारळ कुठे ठेवला ते शोधत होते. फक्त आप्पांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "साहेब, म्हंजी ह्येची माती बी आमालाच करायची?"

आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. इंजिनियर आधी हसले, मग हसायचे थांबले. "हो," म्हणाले, "तसंच म्हणा."

"खर्च किती?"

"आज चाळीस-पन्नास हजार. तेव्हा किती ते मी आज कसं सांगू? दुप्पट, अडीचपट होईल. हा प्रश्न मला आजवर कुठल्या उद्घाटनाला कुणी विचारला नव्हता."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी लाल कापडी बांधणीची नवी वही उघडली. वर श्री लिहिलं आणि खाली खात्याचं नाव घातलं : यंत्राची माती. नियम एका ओळीचा. प्रत्येक शेकाच्या फीमधून एक रुपया त्याच दिवशी बाजूला काढायचा आणि बँकेत वेगळा ठेवायचा. गरिबाला शेक फुकट असेल तर त्याचा रुपया ट्रस्टच्या धर्मादायातून घालायचा, पण घालायचाच.

किशनराव तणतणत आले. "आप्पा, काय चाललंय? दवाखान्याच्या वहीत माती लिहिता? पेशंटनं वाचलं तर पळून जाईल की!"

"पेशंट वही वाचत न्हाईत, किशनराव. ट्रस्टी बी वाचत न्हाईत."

"पर आत्ताच कामून? बारा वर्सांनी बगू."

तेव्हा आप्पांनी त्यांना आडतीचा रिवाज सांगितला. आडतीत पोत्यामागे पाच-दहा पैसे धर्मादाय निघतो, तो पोतं काट्यावर असतानाच. "पोतं गेलं की पैसा बी गेला. मागून कोन देतंय? आन् दुसरं आसं, की ज्यानं शेक घेतला त्यानं रुपया द्यावा. बारा-पंधरा सालानं एखादी लेकुरवाळी पोराला खोकला झाला म्हनून इथं यील, तिनं कामून द्यावा? तिनं तर ह्ये यंत्र बगितलं बी नसंल."

किशनरावांना पटलं नाही, पण रुपयासाठी कोण भांडणार, म्हणून त्यांनी हात झटकले. छापील अहवालात त्या खात्याला 'विसर्जन निधी' असं गुळगुळीत नाव दिलं गेलं. लाल वहीत मात्र मातीच राहिली.

आप्पा स्वतःच्या मातीचीही तशीच तयारी करत होते. त्यांच्या समाजात मयताला बसवून माती देतात. विधी करणाऱ्या जंगमाची दक्षिणा, फुलांनी सजवलेली खुर्ची, भजनी मंडळ, मागून वर बांधायचा दगडी ओटा. या सगळ्याचे पैसे त्यांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, एका पेपरमिंटच्या डब्यात साठवायला घेतले होते. आप्पा दर पगाराला त्यात काही घालायचे. ऑफिसात एवढ्या सहज सांगायचे, की जणू रेडिओचा हप्ता भरत आहेत.

मग शहाऐंशीचा उन्हाळा आला. लागोपाठचा दुष्काळ. दवाखान्याची विहीर मार्गशीर्षातच आटली होती. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही अर्धा सांडत. नातेवाईक घागरी घेऊन पहाटेपासून फाटकापाशी बसायचे आणि भांडणं सोडवायला आमचा शिपाई कमी पडायचा.

वॉर्डात देवणीकडची शिवम्मा नावाची बाई होती. गालाचा कॅन्सर. तोंडावर शेक घेतला की लाळ सुकते, जीभ टाळूला चिकटते. घास सोडा, शब्दसुद्धा पाण्याशिवाय निघत नाही. ती दर पाच मिनिटांनी पाण्याकडे बोट करायची आणि नर्स तिला चमचा मोजून पाणी द्यायची. मी पगाराच्या कागदावर अंगठा घ्यायला एका आयाला शोधत वॉर्डात गेले होते. शिवम्मानं माझा पदर धरला, कोरड्या तोंडानं काहीतरी कानडीत म्हणाली, आणि बोट माझ्या हातातल्या शाईच्या बाटलीकडे केलं.

मी तशीच ऑफिसात आले. मातीच्या खात्यात सतरा हजारांवर रक्कम होती आणि किशनराव महिनाभर बोअरसाठी ती मागत होते. आप्पा "अमानत हाय, दुसऱ्याची ठेव," एवढंच म्हणायचे. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसापुढे आवाज चढवला.

"आप्पा, लोखंडाच्या मढ्यासाठी पैसा राखून जितं माणूस तान्हेलं ठेवता? तिचा रुपया हाय त्यात! तिचाच!"

त्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. तासाभरानं परत आले ते हातात बेलाचं एक पान घेऊन, आणि सोबत किशनराव.

"आडतीत धर्मादायाचं खातं महादेवाचं असतं," आप्पा म्हणाले. "त्यातलं खाता येत न्हाई. पर लईच नड आली तर उसनं मिळतं. महादेव बी दुस्काळात उसनं देतो. फकस्त दस्तखत करावं लागतंय, आन् पान ठिवावं लागतंय."

त्यांनी लाल वही उघडली, लिहिलं : बोअरसाठी उसनवार रुपये सतरा हजार, शेकडा दहा सालाना व्याज, परत करण्याचा जिम्मा अध्यक्षांचा. किशनरावांनी उभ्यानंच सही ठोकली. आप्पांनी सहीवर बेलाचं पान ठेवलं आणि वही मिटली. पैसे परत आले की पान निघणार, तोवर नाही, असा तो रिवाज. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर बोललीस. जरा हळू बोललीस तर बी चाललं असतं."

दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. आधी राखेसारखी भुकटी, मग चिखल, मग गढूळ धार. आख्खा दवाखाना बाहेर आला होता. शिवम्माला तिच्या लेकानं उचलून आणलं होतं. तिनं ओंजळ लावली आणि गाळायचीसुद्धा वाट पाहिली नाही. किशनराव भिजत उभे होते आणि रडत होते. त्या दिवशी ते मला फार आवडले होते.

पण पाणी लागल्यावर उसनं कोणाला आठवतं? गरज सरो, वैद्य मरो. ट्रस्टकडे पैसा नव्हता हे खोटं नाही, आणि किशनरावांकडे वेळ नव्हता. मग आप्पांनी एक रीत सुरू केली. दिवाळीच्या पाडव्याला ट्रस्टची बैठक असायची, वहीपूजन, चिवडा, चहा. पूजा झाली की आप्पा लाल वही उघडून उभे राहायचे आणि ती नोंद मोठ्यानं वाचायचे. मूळ रक्कम, आजवरचं व्याज, जिम्मा कोणाचा. दरवर्षी. बेलाचं पान तपकिरी झालं, मग त्याची नुसती जाळी राहिली. किशनराव दरवर्षी हसून म्हणायचे, "आप्पा, सणासुदीला तरी सोडा की हो." आणि बाकीचे चिवड्यातले शेंगदाणे वेचायचे.

आता माझ्या रागाची गोष्ट. एक्क्याण्णव सालचा मार्च असेल. यंत्र चालवणारा वीरभद्र माझ्याकडे तक्रार करत आला होता. आधी दीड मिनिटात होणारा शेक आता साडेतीन मिनिटं घेतोय, दिवसाला चाळीस पेशंट व्हायचे ते वीस-बावीसवर आलेत, आणि जादा कामाचा भत्ता काही मिळत नाही. तो भत्त्याचं बोलत होता, पण माझ्या डोक्यात दुसरंच काही लखलखलं. मी मातीच्या खात्याची सहा वर्षांची पानं काढली. दर महिन्याला जमा होणारा रुपया घसरत चालला होता.

आप्पांनी हिशेब पोत्यांचा मांडला होता. आडतीत हंगाम येतो, हंगाम जातो, पण पोतं शंभर किलोचंच राहतं. दिवसाला चाळीस शेक, बारा वर्षं, असा त्यांनी गुणाकार केला होता. कुपी म्हातारी होत जाईल, शेक लांबत जाईल, पेशंट कमी होतील, आणि म्हणून रुपयेही कमी होतील, हे त्यांनी धरलंच नव्हतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं सव्वापाच वर्षांचं वाक्य त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. पण जमेच्या बाजूला त्याचा काही संबंध असेल, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

मी तक्ता केला. तीनदा बेरीज केली, वरून खाली, खालून वर. आणि त्यांच्यापुढे सरकवला, त्यांच्याच पद्धतीनं, काही न बोलता. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? पंचवीस पैशांचं उट्टं निघालं असं वाटलं. आज त्या आनंदाची लाज वाटते.

त्यांनी तक्ता वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "मी पोती मोजत बसलो," म्हणाले. "आतला दाना आटत होता, ते दिसलंच न्हाई."

दोन दिवस ते जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसले. मी म्हटलं, "आप्पा, त्यात काय, आता दोन रुपये करू शेकामागे. भरून निघंल."

"न्हाई. आदीच्याचं राहिलेलं मागल्याच्या डोक्यावर? मग माजा नियम काय राहिला? चूक पेशंटची न्हाई." तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल वहीत नवं पान उघडलं आणि वर खात्याचं नाव लिहिलं : मडिवाळप्पा निटुरे यांची चूक. त्या महिन्यापासून ते पगारातले काही पैसे घरच्या डब्यात वेगळे ठेवायला लागले. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

किल्लारीचा भूकंप झाला त्या सकाळी आम्ही सगळे जखमींच्या मागे धावत होतो. ट्रकांमागून ट्रक येत होते. आप्पा मात्र यंत्राच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसले होते. भिंतीला एक बारीक चीर गेली होती. मुंबईहून किरणं मोजणारा माणूस येईपर्यंत दोन दिवस त्यांनी त्या दारातून मांजरसुद्धा आत जाऊ दिलं नाही. काही निघालं नाही, कुपी जागच्या जागी होती. पण त्या दिवसापासून ते म्हणायला लागले, "भिंतीचा भरवसा न्हाई, माय. जमीन आपली न्हाई म्हनल्यावर भिंत कुनाची?"

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात यंत्र बंद पडलं. म्हणजे बिघडलं नाही, एका शेकाला आठ-आठ मिनिटं लागायला लागली तेव्हा डॉक्टरांनीच हात टेकले. मुंबईला लिहिलं. उत्तर आलं की एक लाख नऊ हजार नऊशे रुपये आगाऊ भरा, मग पिंप घेऊन गाडी येईल. मातीच्या खात्यात व्याजासकट बासष्ट हजार आठशे सेहेचाळीस होते. सत्तेचाळीस हजारांची तूट.

बैठकीत किशनराव म्हणाले, "आपन काय पळून चाललो का? पैसे जमले की पाठवू. तवर खोलीला भिंत बांधून टाकू. कुलपाचं टेन्शनच न्हाई." माना डोलल्या. आप्पा तेव्हा रिटायर झाले होते, दम्यानं खंगले होते, मी त्यांना रिक्षानं आणलं होतं. ते उठले.

"मढं घरात ठिवून वर भिंत बांधता? आज आपल्याला ठावं हाय आत काय हाय. वीस सालानं कोन सांगंल? एखादा भिंत फोडंल, जड लोखंड बगून भंगारात घालंल. किशनराव, तुमचं नि माजं नाव घ्यायला तवा कोनी नसंल. शिव्या द्यायला बी नसंल."

निर्णय पुढच्या बैठकीवर, म्हणजे दिवाळीच्या पाडव्यावर गेला. रिक्षात ते मला म्हणाले, "पाडव्याला मी नसलो तर वही तू वाचशील का?" मी म्हटलं, "असं काही बोलू नका." मी हो म्हटलं नाही. तेवढं म्हणायला काय जात होतं माझं?

श्रावणातल्या एका सोमवारी आप्पा गेले. माती अगदी साधी झाली. साध्या खुर्चीत बसवून नेलं, बेलपत्री आणि विभूती, एकटा जंगम, भजन नाही, वर ओटा नाही. लोक कुजबुजले की एवढ्या नेमाच्या माणसाची माती अशी कशी केली. मलाही राग आला, मनात महादेवीबाईंना नावं ठेवली.

पंधराएक दिवसांनी त्या ऑफिसात आल्या. माझ्या टेबलावर पेपरमिंटचा डबा ठेवला.

"मोज, अव्वा," म्हणाल्या. "अकरा हजार हायत. त्येंच्या मातीचे. आन् चुकीचे म्हनून येगळे ठिवत व्हते, ते बी ह्येच्यातच. मला सांगून गेले की मला साधं घाला, बेलपान बास झालं. दगूड घालू नगा. यंत्राची माती आदी."

मी नोटा मोजल्या. वरून खाली, खालून वर. तिसऱ्यांदा मोजताना मला पुढचं दिसेना. महादेवीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "पावती दे. त्येंना पावती लागती."

पाडव्याला पूजा झाली, चिवड्याच्या बश्या फिरल्या. आप्पांची खुर्ची रिकामी होती आणि सगळ्यांना थोडं हलकंच वाटत होतं. मी उठले. लाल वही उघडून मी आधी चुकीचं पान वाचलं : "खाते मडिवाळप्पा निटुरे यांची चूक. स्वतःच्या मातीच्या पैशातून जमा रुपये अकरा हजार. समाधीचा ओटा बांधलेला नाही." मग दुसरं पान उलटलं : "बोअरसाठी उसनवार सतरा हजार. आजवरचं व्याज एकोणीस हजार चारशे आठ. एकूण छत्तीस हजार चारशे आठ. परत करण्याचा जिम्मा अध्यक्षांचा." पानावर बेलाची जाळी तशीच होती. मी ती हातात धरून उभी राहिले आणि बसले नाही.

या वेळी कुणी शेंगदाणे वेचले नाहीत. किशनरावांनी बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "सिंधुबाई, पहिलं पान पुन्यांदा वाचा."

मी वाचलं.

"ओटा न्हाई बांधला?"

"न्हाई."

ते उठून गेले. त्यांच्याकडे देवणी बैलांची एक जोडी होती, सगळ्या तालुक्यात नाव घेतलं जायचं अशी. पोरांपेक्षा त्या बैलांना ते जास्त जपायचे. मार्गशीर्षात लोह्याजवळच्या माळेगावच्या जत्रेत त्यांनी ती जोडी विकली. परत आल्यावर सरळ ऑफिसात आले आणि फडक्यातले पैसे माझ्यापुढे सोडले. "मोजा तीनदा," म्हणाले. "आन् त्ये पान काडा आता." पान उचलताच त्याचा देठ मोडला. पानाची जाळी मी कागदात घेतली.

मार्चमध्ये गाडी आली. शिशाचं पिंप, मोजणारी यंत्रं, पांढऱ्या कोटातली माणसं. दिवसभर काम चाललं. गाडी फाटकाबाहेर पडताना महादेवीबाईंनी लांबूनच हात जोडले. किशनरावांनी टोपी काढली. माती म्हणू नका म्हणून भांडलेला माणूस, पण टोपी काढून उभा राहिला.

सगळं देऊन खात्यात तीनशे चोपन्न रुपये उरले. त्यात मी ती खोली चुन्यानं रंगवून घेतली, भूकंपाची चीर बुजवली आणि खातं बंद केलं. बाकी शून्य. ती पानाची जाळी मी आप्पांच्या मातीवर ठेवून आले. तिथं ओटा नाही, म्हणून जागा शोधायला जरा वेळ लागला.

परवा माझी लेक तान्ह्या पोरीला डोस द्यायला त्याच दवाखान्यात घेऊन गेली, मी सोबत होते. लस यंत्राच्या त्या खोलीतच देतात आता. भिंतीवर ससे आणि फुगे काढलेत, आणि पोरं गळा काढून रडत होती. लेकीनं विचारलं, "आई, तू एवढी कशाला बघतेस भिंतीकडे?" मी तिच्या हातातून पावती घेतली. जुनी सवय. केस पेपर दहा रुपये, लस मोफत, एकूण दहा. मी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. यंत्राचा एक पैसासुद्धा तिच्याकडून घेतलेला नव्हता.